गळालेला इशारा

अक्षया नागवेकर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका काजू कारखान्याच्या मागे आमचं ऑफिस होतं. खाली गोदाम, वर आम्ही आठ-दहा माणसं. यंत्रांची पुस्तकं लिहायची, हे आमचं काम. यंत्र बसवायचं कसं, चालवायचं कसं, बिघडलं तर काय करायचं. असली पुस्तकं कुणीतरी बसून लिहितं हेच लोकांच्या डोक्यात येत नाही. मी छापखान्यात नोकरीला आहे असंच माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होती.

अक्षया भाट्ये गावची सून. नवरा गौरव बोटीवर, इंजिनरूममध्ये. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात आणि घरात ही आणि सासू यमुनाबाई. अक्षयाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, लग्नाआधी पुण्यात हेच काम केलेलं. बोलायची कमी, पण कामात पक्की. घरी नवा मिक्सर आला तेव्हा तिने आधी त्याचं पुस्तक काढून वाचायला घेतलं आणि सासूला सांगितलं, "माझं होईपर्यंत हात लावू नका." तिचं होईपर्यंत यमुनाबाईंनी वाटण वाटून माशाची आमटी चुलीवर चढवली होती. ही गोष्ट यमुनाबाई येईल त्याला सांगायच्या आणि अक्षयाही हसायची.

आमची पुस्तकं एक्सएमएलमध्ये असायची. म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर त्याची खूण असते: हे शीर्षक, ही पायरी, हा धोक्याचा इशारा. कुठला तुकडा कुठे यायचा, कुठला असलाच पाहिजे, कुठला नसला तरी चालेल, याचे नियम वेगळ्या एका फाइलीत लिहिलेले असतात. तिला स्कीमा म्हणतात. पुस्तक लिहून झालं की संगणक ते स्कीमाशी ताडून बघतो. नियम मोडला असेल तर लाल रेघ येते, नसेल तर हिरवी खूण.

अमोनियाचे कॉम्प्रेसर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम आम्हाला मिळालं तेव्हा स्कीमा कुठला घ्यायचा यावरून अक्षयाचं आणि आमच्या मालकाचं, दर्शन शेट्येंचं, चांगलंच वाजलं होतं. दर्शनला सुटसुटीत, सैल असा एक तयार स्कीमा हवा होता. लिहिणाऱ्याला जाच नको, काम भराभर होईल. अक्षया ऐकेना. हे कॉम्प्रेसर बर्फाच्या कारखान्यांत जातात, मासळीच्या शीतगृहांत जातात. अमोनिया डोळ्यांत गेला तर डोळा जातो, छातीत गेला तर माणूस जातो. तिने एक मोठा, सगळीकडे चालणारा स्कीमा निवडला आणि त्यात स्वतःचा एक नियम घट्ट बसवला: पायरी धोक्याची असेल तर तिच्याआधी इशारा असलाच पाहिजे. नसेल तर पुस्तक पुढे जाणारच नाही.

"लिहिणारा दमलेला असतो," ती दर्शनला म्हणाली, "त्याला घरी जायचं असतं. त्याच्या आठवणीवर सोडायचं नाही. संगणकानेच त्याला अडवायला हवं."

मला त्या नियमाने किती वेळा अडवलं त्याला गणती नाही. मी चिडायचे. पण त्या काळात आमच्या एकाही पुस्तकातून इशारा सुटला नाही, हे खरं.

मग ती कंपनी दुसऱ्या एका बड्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांचं फर्मान आलं, की सगळ्यांची सगळी पुस्तकं त्यांच्या स्कीमाच्या नव्या आवृत्तीत आणायची. त्यासाठी पुण्याचा एक सल्लागार नेमला होता, तो व्हिडिओ कॉलवर यायचा. पहिल्याच बैठकीत अक्षयाच्या लक्षात आलं, की नव्या आवृत्तीत इशारा सक्तीचा राहिलेला नाही. 'असलाच पाहिजे'च्या जागी 'असला तर चालेल' झालं होतं.

"हे असं का केलंत?" तिने विचारलं.

"मॅडम, हा स्कीमा खूप विभाग वापरणार आहेत," तो सल्लागार शांतपणे म्हणाला. "कुणी पंख्याचं पुस्तक लिहितं, कुणी नुसत्या सुट्या भागांची यादी करतं. सगळ्यांवर सक्ती करून कसं चालेल? थोडं फ्लेक्झिबल ठेवावं लागतं."

अक्षयाने दोन-तीन बैठकांत तोच मुद्दा धरून ठेवला. लेखी पाठवला. शेवटी दर्शनने तिला आत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. दोन्ही हात जोडून म्हणाला, "अक्षया, स्कीमा त्यांचा आहे. आपण फक्त वापरायचा. हे काम गेलं तर इथला एकही माणूस मला ठेवता येणार नाही."

ती जायला उठली. मग म्हणाली, "ठीक आहे. तसेही इशारे लिहिलेले आहेतच. ते कुठे जातायत?"

हे वाक्य पुढे तिने माझ्यापाशी इतक्या वेळा उच्चारलं, की मला ते ऐकवेना.

जुनी पुस्तकं नव्या आवृत्तीत आणण्यासाठी सल्लागाराने एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात जुनी फाइल टाकायची, नवी बाहेर पडायची. मग ती स्कीमाशी ताडायची. एकामागून एक पुस्तकं हिरवी होत गेली. एकही लाल रेघ नाही. अक्षयाने मंजुरी दिली, कंपनीने ती छापून ठिकठिकाणच्या कारखान्यांत पाठवली आणि दर्शनने आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

हे झालं उन्हाळ्यात. नंतर मासेमारी बंद झाली. या बंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बर्फाचे कारखानेही थंडावलेले असतात आणि तेव्हाच त्यांच्या यंत्रांची झाडलोट, तेलपाणी चालतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास सगळं पुन्हा सुरू होतं.

जुलैतल्या एका दुपारी अक्षया कामगारांसाठी भिंतीवर लावायचे मराठी तक्ते करत होती. पुस्तकातला तेल काढायचा भाग उघडून त्यातून उतरवून घेत होती. कॉम्प्रेसरमधलं तेल वायूबरोबर पुढे जातं आणि खाली एका भांड्यात साठतं. ते अधूनमधून काढावं लागतं. त्या भांड्यात अमोनियाही असतो, दाबाखाली.

"मृणाली, इकडे ये," ती म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला म्हणून मी लगेच उठले. "हे वाच."

मी वाचलं. भांड्याच्या नळीखाली बादली ठेवा. खालचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. तेल येणं थांबलं की बंद करा.

"बरोबर आहे की," मी म्हटलं.

"इशारा कुठाय?"

बादली आणि व्हॉल्व्ह या दोन पायऱ्यांच्या मध्ये तो असायचा. तो तिनेच लिहिला होता, मला पाठ होता: वरचा व्हॉल्व्ह बंद करून भांड्यातला दाब उतरल्याशिवाय खालचा व्हॉल्व्ह उघडू नये. मास्क आणि गॉगल लावावा. हे काम एकट्याने करू नये.

आम्ही जुनी फाइल काढली. त्यात इशारा होता. नव्यात नव्हता. मग दुसरं पुस्तक, तिसरं. कारण कळायला वेळ लागला नाही. तेलाची कामं आम्ही पुस्तकात तक्ता करून मांडली होती, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींत. नव्या स्कीमात चौकटीच्या आत इशारा ठेवायला जागाच नव्हती. प्रोग्रॅमला जे बसवता आलं नाही ते त्याने मुकाट्याने टाकून दिलं. आणि इशारा आता सक्तीचा नसल्यामुळे संगणकाने हिरवी खूण दिली. जे आहे ते जागच्या जागी आहे का, एवढंच तो बघत होता. जे गेलं त्याची त्याला खबरच नव्हती.

अक्षया खुर्चीवरून उठली आणि जुनं-नवं पान घेऊन थेट दर्शनकडे गेली.

दर्शनने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडला. त्याच दिवशी त्याने कंपनीला कळवलं, हे मी कबूल करते. उत्तर आलं ते असं, की दस्तऐवज स्कीमानुसार वैध आहेत. सूचना नोंदवून घेतली आहे. पुढच्या नियोजित आवृत्तीत विचार होईल. पुढची आवृत्ती थंडीत होती.

"थंडीत?" अक्षया ओरडली. ऑफिसात तिचा आवाज चढलेला आम्ही कुणी ऐकला नव्हता. "कारखाने येत्या महिन्यात सुरू होतायत, दर्शन. त्याआधी सगळे तेल काढणार. हे पुस्तक समोर ठेवून काढणार!"

तिने कंपनीत फोन लावले. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसरीकडे. तिसरी म्हणाली, तिकीट टाका, म्हणजे त्यांच्या सिस्टिममध्ये तक्रार नोंदवा. तिकीट टाकलं तर ते 'वैध' म्हणून बंद झालं. तिने पुन्हा टाकलं. तेही बंद झालं. सल्लागाराला गाठलं तर तो म्हणाला, माझं काम संपलंय, मला आता त्यांच्या सिस्टिममध्ये शिरताही येत नाही. शेवटी कंपनीतून कुणीतरी दर्शनला फोन करून झापलं आणि दर्शनने तिला सांगितलं, "आता तू त्यांच्याशी बोलायचं नाहीस. करारात आहे. हात जोडतो."

मग तिने जुन्या फाइलीतली पानं छापली आणि मला म्हणाली, "स्कूटर काढ."

त्या कंपनीचा कॉम्प्रेसर बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात बसवलेला आम्हाला ठाऊक होता. आम्ही चिंब भिजून तिथे पोचलो. पानं अक्षयाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरली होती. मॅनेजरने आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. पानं उलटीसुलटी करून बघितली.

"कंपनीचं पत्र कुठाय?"

"पत्र नाहीये. पण हे पुस्तक मीच लिहिलंय. नव्या पुस्तकातून हा मजकूर सुटलाय."

"शिक्का नाही, सही नाही. उद्या कुणीही येऊन कागद देईल, तो मी भिंतीवर लावू?"

"नका लावू. तुमच्या ऑपरेटरला भेटू द्या, मी तोंडी सांगते."

"तो गावी गेलाय, लावणीला."

"त्याचा नंबर द्या."

"असा कामगारांचा नंबर देत नाही आम्ही, बाई."

तिने त्याच्या टेबलाची कड धरली. "साहेब, तुमच्या पाया पडते. तो आला की एवढं एकच पान त्याला वाचायला द्या."

त्याने ती पानं टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर आपला चहाचा कप ठेवला. आम्ही निघालो. पुढे ती दोनदा एकटी गेली, पण वॉचमनने तिला फाटकातूनच परत पाठवलं.

त्या दिवसांत ती जेवत नसे. यमुनाबाईंनी मला फोन करून विचारलं, "काय झालंय गो तिला? ताटावर बसते नि नुसती भात चिवडते. मी काय बोलले का तिला?" मी थोडंफार सांगितलं. मग यमुनाबाईंनी गौरवला कळवलं. त्याचा फोन बोटीवरून आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. रेंज तुटत होती. तो म्हणत होता, "तू लेखी कळवलंयस ना? मग तुझी जबाबदारी संपली. बोटीवर आम्ही असंच करतो."

"संपली कशी?" ती म्हणाली. "अरे, पुस्तक तर अजून तिथेच आहे."

फोन तुटला. तिने तो पालथा ठेवला.

पौर्णिमेला थोडे दिवस राहिले होते. सकाळी ऑफिसात येऊन आम्ही पंखे लावले न लावले तोच कुणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला. बंदराजवळच्या त्याच बर्फ कारखान्यात वायू सुटला होता. तोंडाला ओले पदर, टॉवेल लावून माणसं पळताना दिसत होती. मागून कुणाचा तरी आवाज येत होता: "एकजण आत हाय, एकजण आत हाय."

अक्षयाने ते बघितलं आणि जागची हलली नाही. मीच तिला उठवून स्कूटरवर बसवलं.

आतल्या माणसाचं नाव महिपत. संगमेश्वराकडच्या एका वाडीतला, चाळिशीतला. आधी चिरेखाणीवर होता, गेल्या वर्षी या कारखान्यात लागला. जुना ऑपरेटर सोडून गेल्यावर यंत्र त्याच्याकडे आलं आणि यंत्राबरोबर पुस्तकही. लावणी आटोपून तो कामावर परतला होता. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचे डोळे अजून पाण्याने धूत होते आणि तो ओरडत होता. दुपारी त्याची बायको सोनूबाई येऊन बाहेरच्या बाकावर बसली. कुणा शेजारणीने तिला एसटीत बसवून आणली होती. पायांना अजून शेताचा चिखल होता.

महिपतला कोल्हापूरला हलवलं. जीव वाचला. उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, तोंडं ओळखू येत नाहीत.

थोड्या दिवसांनी अक्षया कोल्हापूरला त्याला भेटायला गेली. मी बरोबर होते. तिने आपण कोण ते सांगितलं, तेव्हा महिपतला वाटलं, की पुस्तकवाल्या बाई आपल्याला दोष द्यायला आल्यात. तो खाटेवर उठून बसायला धडपडू लागला.

"बाय, मी बुकात बगूनच क्येलं," तो म्हणाला. "मॅनेजर बोललेले, बुकात लिवलंय तसं करायचं, डोकं नाय चालवायचं. बादली ठेवली. व्हॉल्व हळूच उघडला. बुकात तसंच हाय. तुमी बगा."

अक्षयाने त्याचा हात धरला आणि मान खाली घातली. सोनूबाई आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं, सरकारी बाई आहेत, मदतीला आल्यात. तिने आम्हाला तिच्याजवळचं एक केळं दिलं.

कारखान्याने सांगितलं, कामगाराने मास्क लावला नव्हता. यंत्राच्या कंपनीने सांगितलं, पुस्तक वैध आहे. मॅनेजर म्हणाला, असली काही पानं माझ्याकडे आलीच नाहीत. अक्षयाने जुनं पान आणि नवं पान अपघाताची सरकारी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे नेऊन ठेवलं. दर्शनला तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. तो रडला. "मला थांबवता येत नाही तुला," एवढंच म्हणाला.

कंपनीने काम काढून घेतलं. आमचं ऑफिस गणपतीनंतर बंद झालं. शेवटच्या दिवशी टेबलं उचलायला टेम्पो आला तेव्हा अक्षयाशी कुणी बोललं नाही. कुणाचा मुलगा बारावीला, कुणाच्या घरी आजारपण. एकजण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढं होतं तर सही कशाला केलीस?" ती आपला खण रिकामा करत राहिली.

मला दुसरीकडे तसंच काम मिळालं. घरून करते. त्या बड्या कंपनीचं कामही तिथे येतं आणि गेल्या महिन्यात त्याच स्कीमाची नवी आवृत्ती आली. धोक्याच्या पायरीआधी इशारा पुन्हा सक्तीचा झालाय, चौकटीतही त्याला जागा केलीये. सोबतच्या टिपणात एकच ओळ आहे: रचनेत किरकोळ सुधारणा. मी अक्षयाला फोन करून सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चौकशी चालूच होती. तिचा जबाब व्हायचा होता तेव्हा तिने आधी लिहून काढला आणि मला दाखवला. त्यात तिने सगळं लिहिलं होतं. सक्ती काढण्याला आपण आधी विरोध केला आणि मग मान्यता दिली, हेही. तिच्या वकिलाने तो भाग काढायला सांगितला होता. मीही म्हटलं, "अक्षया, हे कुणी विचारलेलं नाही. विरोध केलास ते लिही आणि थांब. उद्या सगळं तुझ्याच गळ्यात टाकतील."

"टाकू देत," ती म्हणाली. तसाच जबाब दिला.

सुनावणीला सोनूबाई महिपतला धरून आली होती. महिपतने काळा चष्मा लावला होता. कोर्टासारखी मोठी जागा नव्हती ती, एक खोली, लांब टेबल, खुर्च्या. अक्षयाचा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. तिने मान्यता दिली हा भाग आला तेव्हा सोनूबाईने मान वर केली. तोवर तिला अक्षया म्हणजे आपल्या बाजूची बाई, कोल्हापूरला येणारी, डॉक्टरांशी बोलणारी, एवढंच ठाऊक होतं.

कंपनीच्या वकिलाने मुदत मागितली. पुढची तारीख पडली. सगळे बाहेर आले. अक्षया त्यांना एसटी स्टँडवर सोडायला म्हणून रिक्षा बघायला लागली, तेव्हा सोनूबाईने तिला थांबवलं.

"तुमाला ठावं व्हतं?" तिने विचारलं.

"काहीतरी चुकतंय हे कळत होतं," अक्षया म्हणाली. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"पन ठावं व्हतं."

"हो."

महिपत मध्ये पडला. "अगं, त्या बाय आल्या व्हत्या कारखान्यात सांगायला. मी गावाला व्हतो."

सोनूबाईने त्याचा दंड धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना. ती म्हणाली, "तुमी आता आमच्याकडं येऊ नका, बाय. ह्यांचं मी बगीन."

ती दोघं हळूहळू रस्ता ओलांडून गेली. प्रत्येक खळग्यापाशी ती थांबायची, त्याला काहीतरी सांगायची आणि मग तो पाय उचलायचा. अक्षया फुटपाथच्या कडेला उभी होती. मी तिला घरी चल म्हटलं. ती म्हणाली, "तू जा." मी थोडी पुढे जाऊन वळून बघितलं तर ती तिथेच होती, त्यांच्यामागे जायला एक पाऊल टाकलेलं आणि तसंच थांबलेलं.